लहान विमान कोसळतं तेव्हा नेमकं काय होतं?

प्रश्न सोलापूरच्या एका पालकांचा आहे. मुलगी वैमानिक प्रशिक्षणाला निघाली आहे आणि घरातल्यांचा जीव टांगणीला लागलाय. ते विचारतात, "दोन-चार आसनी विमान पडलं की बातमीत 'तांत्रिक बिघाड' एवढंच येतं. प्रत्यक्षात काय घडतं? इंजिन बंद पडलं की सगळं संपलंच का? आणि आपल्याकडच्या उन्हापावसाचा याच्याशी काही संबंध असतो का?"

आधी इंजिनाचं बघू, कारण सगळ्यांची भीती तिथंच अडकलेली असते.

सेस्ना १७२ हे जगात सर्वांत जास्त संख्येनं बनलेलं चार आसनी विमान. त्याचं इंजिन पूर्ण बंद पडलं तरी ते धाडकन खाली येत नाही. नाक थोडं खाली करून वेग ६८ नॉटवर, म्हणजे ताशी सुमारे १२५ किलोमीटरवर धरला, की एक फूट खाली येताना ते साधारण नऊ फूट पुढे जातं. जमिनीपासून तीन हजार फुटांवर असाल तर वारा नसताना आठ किलोमीटरचा टप्पा मिळतो आणि जवळपास चार मिनिटं हातात असतात. तेवढ्यात शेत निवडून उतरता येतं. २५ जुलै २०२२ ला बारामतीहून उडालेलं प्रशिक्षणाचं सेस्ना १५२ इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात आदळलं. विमान मोडलं, पण आत एकटीच असलेली प्रशिक्षणार्थी किरकोळ जखमांवर वाचली.

वाचणं न वाचणं हे जमिनीला लागताना वेग किती आणि थांबायला अंतर किती, यावर ठरतं. ताशी ८० किलोमीटर वेगानं आलेलं विमान सलग ९ जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट, झटका सोसत थांबलं, तर त्याला पावणेतीन-तीन मीटर पुरतात. पट्टा आणि खांद्यावरचा हार्नेस नीट बांधलेला माणूस समोरून आलेला तेवढा झटका सहन करतो. वेग ताशी १६० झाला की त्याच झटक्यासाठी ११ मीटरपेक्षा जास्त अंतर लागतं. वेग दुप्पट, अंतर चौपट. म्हणून ताबा राखून, पंख सपाट ठेवून, कमीत कमी वेगानं वाईट शेतात उतरलेले लोक वाचतात. चांगल्या धावपट्टीपासून दोनशे मीटरवर नाकावर आदळलेले वाचत नाहीत. तिथं वेग उभा असतो आणि थांबायला अंतर विमानाच्या चेपलेल्या नाकाइतकंच.

म्हणजे विमान नाकावर का जातं, हा खरा प्रश्न.

पंख हवेत किंचित तिरका धरला की उचल मिळते. कोन वाढवला की उचल वाढते, पण साधारण १५ ते १७ अंशांवर पंखाच्या वरून वाहणारी हवा पंखाला धरून राहत नाही आणि उचल एकाएकी जाते. धावत्या एसटीच्या खिडकीतून तळहात बाहेर काढून थोडा तिरका केला तर हात वर उचलला जातो, फार तिरका केला तर नुसता मागे ढकलला जातो, तसंच. (एसटीत हे करू नका, तशी पाटी लिहिलेली असते.) याला स्टॉल म्हणतात. इंजिन पूर्ण ताकदीनं गरगरत असतानाही स्टॉल होतो. त्या क्षणी विमान वळणात असेल आणि रडर (शेपटीवरची उभी पट्टी फिरवणारं पायातलं पेडल) चुकीचं दाबलेलं असेल, तर एक पंख आधी पडतो आणि विमान गिरकी घेत खाली जातं. याला स्पिन म्हणतात. उंचीवर स्पिनमधून बाहेर काढता येतं, पण त्यात हजार फूट सहज जातात. पाचशे फुटांवर ती उंचीच नसते.

वळणाचा हिशेब प्रत्येक प्रशिक्षणार्थीला तोंडपाठ हवा. सेस्ना १७२ सरळ उडताना, फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या कडेच्या, खाली सोडता येणाऱ्या पट्ट्या) वर असताना, ४८ नॉटला स्टॉल होतं. ३० अंश कलून वळलं तर ५२ ला, ४५ अंशांना ५७ ला आणि ६० अंशांना थेट ६८ ला. सरळ उडताना जो वेग सुरक्षित, तोच खोल वळणात घातक ठरतो.

उड्डाणानंतर तीनशे-चारशे फुटांवर इंजिन गेलं की माणसाचा हात आपोआप मागे वळायला जातो, कारण नुकतीच सोडलेली धावपट्टी पाठीशी असते. आता आकडे मांडू. मागे वळायचं म्हणजे १८० अंश नाही. धावपट्टीच्या रेषेवर पुन्हा यायला अडीचशेच्या आसपास अंश फिरावं लागतं. ४५ अंश कलून ७० नॉटनं फिरलं तर सोळा-सतरा सेकंद लागतात आणि त्यात साडेतीनशे फूट जातात. त्याआधी "हे काय झालं?" यात तीन-चार सेकंद गेलेले असतात, आणि तेवढ्यात वर चढणाऱ्या विमानाचा वेगही घसरलेला असतो. कमी कलून फिरलं तर वेळ वाढतो आणि उंची आणखी जाते. आता वारा पाठीमागून लागतो, जमीन भराभर मागे पळताना दिसते, वेग भरपूर आहे असा भास होतो, आणि धावपट्टी हुकतेय म्हणून माणूस योक, म्हणजे हातातलं सुकाणू, ओढतो, नाक फिरावं म्हणून रडर दाबतो. स्टॉल आणि स्पिन दोन्हींची तजवीज स्वतःच्या हातानं पूर्ण. म्हणून शिकवण साधी आहे: हजार फुटांच्या आत इंजिन गेलं तर नाक ताबडतोब खाली, आणि डावी-उजवीकडे ३० अंशांच्या आत समोर जे सापडेल त्यात उतरा. समोर बाभळी असोत की चिलार. हा निर्णय उड्डाणाआधी जमिनीवर, धावपट्टीच्या तोंडाशी उभं असताना मोठ्यानं बोलून घ्यायचा असतो. हवेत त्यासाठी डोकं चालत नाही.

इंजिन दगा देत नसतानाही हेच होतं. २८ जून २०१८ ला जुहूहून चाचणीसाठी उडालेलं किंग एअर सी-९० घाटकोपरमध्ये पडलं. विमानातले चौघं आणि रस्त्यावरचा एक पादचारी गेले. तपासात निघालं ते कमी उंचीवरचं स्टॉल, ज्यातून सावरायला जागाच उरली नव्हती. दोन टर्बाइन इंजिनं आणि अनुभवी माणसं असूनही. नवख्यांचंच असं होतं असा समज असेल तर तो काढून टाका.

आता सोलापूरच्या उन्हाकडे येऊ.

विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४८० मीटर, म्हणजे सोळाशे फुटांच्या आतबाहेर आहे. प्रमाण हवामानात या उंचीवर तापमान १२ अंश धरतात. मे महिन्यात दुपारी ४३ अंश असलं तर फरक ३१ अंशांचा. विमानाला जाणवणारी उंची काढायला प्रत्येक अंशामागे साधारण १२० फूट वाढवायचे, म्हणजे पावणेचार हजार फूट. मूळ सोळाशेत मिळवले की सव्वापाच हजारांच्या वर आकडा जातो. उन्हाळ्यात हवेचा दाबही उतरलेला असतो, त्यामुळे खरा आकडा आणखी वर. म्हणजे विमानाच्या दृष्टीनं सोलापूरची धावपट्टी दुपारी दोन वाजता महाबळेश्वरच्याही वर गेलेली असते. पातळ हवेत पंख उचल कमी देतो, प्रोपेलर ओढ कमी देतो आणि इंजिनला श्वासही कमी मिळतो. तिन्ही एकदम.

याच सेस्नाला पूर्ण वजनावर, समुद्रसपाटीला सौम्य हवेत जमीन सोडायला साधारण ३०० मीटर लागतात. सोलापुरात ४० अंशांना सव्वाचारशे. धावपट्टी लांब असल्यानं तिथं अडचण येत नाही. अडचण पुढे येते. मिनिटाला सातशे फूट चढणारं विमान पाचशे-साडेपाचशेवर येतं, तेही इंजिन नवं आणि हात स्थिर असेल तर. जुन्या १५२ मध्ये दोन धडधाकट माणसं आणि भरलेल्या टाक्या असतील, तर चढणं म्हणजे रांगणं. वैमानिकाला वाटतं विमान चढत नाही, म्हणून तो नाक आणखी वर करतो, वेग उतरतो, आणि पुन्हा आपण स्टॉलपाशी येतो. एक जास्तीचा सापळा असा की वेगाच्या मीटरवर उड्डाणाचा आकडा नेहमीचाच असतो, पण पातळ हवेत प्रत्यक्ष वेग जास्त असतो. जमीन जोरात पळताना दिसते आणि माणूस घाईनं विमान उचलतो. यावर उपाय फार सोपा आहे: उन्हाळ्यात प्रशिक्षणाची उड्डाणं सकाळी दहाच्या आत उरकायची आणि टाक्या गरजेपुरत्याच भरायच्या.

वजनाचं गणित तर घरबसल्या करता येतं. १७२ एस चं कमाल वजन ११५७ किलो, रिकामं विमान साडेसातशे-पावणेआठशेच्या दरम्यान. टाक्या भरल्या की वापरता येणारं पेट्रोलच १४४ किलोचं. उरतात जेमतेम अडीचशे किलो, म्हणजे ८० किलोची तीन माणसं, तीही पिशवी न घेता. चार आसनं आहेत म्हणून चौघं बसवले आणि टाक्याही भरल्या, तर विमान कागदावरच उडायला नालायक असतं. मागच्या सीटवर आणि सामानाच्या जागेत भार गेला तर आणखी वाईट. गुरुत्वमध्य मागे सरकतो, नाक आपोआप वर जातं आणि स्टॉलमधून नाक खाली आणायला शेपटीचा जोर पुरत नाही. जास्त वजन विमानाला सुस्त करतं, मागे गेलेलं वजन त्याला ऐकू देत नाही. मला विचाराल तर दुसरं जास्त भयंकर.

एप्रिल-मेमधला वळीव हा आपल्याकडचा दुसरा वैरी. दुपारी तीन-चारला पश्चिमेकडे काळं ढगाड उभं राहतं, आधी धुळीची भिंत येते, मग थेंब. त्या ढगातून खाली कोसळणारा थंड हवेचा लोट जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरतो. उतरायला आलेल्या विमानाला आधी समोरून जोराचा वारा लागतो, वेग वाढलेला दिसतो, वैमानिक इंजिन कमी करतो. काही सेकंदांत तोच वारा खाली दाबणारा आणि मग पाठीमागचा होतो. असा लोट तीन-चार किलोमीटरच्या टापूत असतो आणि दहा-पंधरा मिनिटांत संपतो, पण तीव्र लोटात हवा मिनिटाला काही हजार फुटांनी खाली येते. मिनिटाला पाचशे फूट चढणाऱ्या विमानाची तिथं काय मात्रा चालणार? ढग वीस-तीस किलोमीटर लांब असला तरी धुळीची रेघ दिसली की चाकांना ठोकळे लावून दोर बांधायचे आणि चहा प्यायचा. ढग पूर्ण निघून जाईपर्यंत थांबायचं.

पावसाळ्यात धोका शांतपणे येतो. सेस्ना १५२ सारख्या कार्ब्युरेटरच्या इंजिनात पेट्रोलची वाफ होताना आणि अरुंद गळ्यातून हवा पसरताना तापमान ३० अंशांहूनही जास्त उतरू शकतं. बाहेर २५ अंश आणि हवा दमट असेल, जशी सोलापुरात ऑगस्टमध्ये असते, तर आत बर्फ धरतो. ऐकणाऱ्याला खोटं वाटतं, पण कडाक्याच्या थंडीपेक्षा अशी दमट हवा कार्ब्युरेटरला जास्त घातक, कारण थंड हवेत ओल कमी असते. लक्षण असं: थ्रॉटल न हलवता इंजिनाचे मिनिटाचे फेरे दोन हजार तीनशेवरून हळूहळू बावीसशेवर, एकविसशेवर घसरतात. इंजिन कमी ताकदीवर ठेवून खाली उतरताना हे सर्वांत लवकर होतं. कार्ब हीटचा, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा, दांडा पूर्ण ओढायचा, अर्धा नाही. ओढताच फेरे आणखी पडतात, इंजिन खोकतं, थरथरतं, कारण वितळलेलं पाणी आत जातं. इथंच नवशिके घाबरून दांडा परत ढकलतात. अर्धा-एक मिनिट धीर धरला की आवाज सुधारतो. या कारणाची आणखी एक खोड: तपासणारा माणूस पोचेपर्यंत बर्फ वितळून गेलेला असतो. इंजिन उघडलं तर सगळं ठाकठीक सापडतं.

ढगात शिरणं हे त्याहून मोठं मरण. बाहेर पाहून उडणारा वैमानिक ढगात किंवा दाट धुक्यात गेला की त्याला वर-खाली कळत नाही. कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्या अगदी मंद वळण ओळखतच नाहीत, आणि एकाच वळणात पंधरा-वीस सेकंद गेले की ते वळण सरळ वाटायला लागतं. विमान हळूहळू कलतं, नाक पडतं, वेग वाढतो. वैमानिक योक ओढतो, पण पंख कललेले असल्यानं वळण आणखी घट्ट होतं. १९५४ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात, उपकरणांवर उडायचं प्रशिक्षण नसलेल्या २० वैमानिकांना अशा परिस्थितीत घालून पाहिलं. विसांचाही ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. रात्री खाली दिवे नसतील तर ढगाचीही गरज लागत नाही. १६ जुलै १९९९ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव जॉन केनेडी ज्युनिअर यांचं पायपर साराटोगा रात्री समुद्रावर असंच गेलं, तिघं मृत्युमुखी पडले. इंजिन उत्तम चालू होतं. आपल्याकडे समुद्र नसला तरी अमावास्येच्या रात्री माळावर वेगळं काय असतं? वस्त्यांचे तुरळक दिवे आणि आकाशातले तारे यांत फरक करता येत नाही.

२०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेच्या कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी सोलापूरहून विमानं मुद्दाम ढगांकडे जात होती, हे काहींना आठवत असेल. ती त्या कामासाठी सजवलेली होती आणि वैमानिक उपकरणांवर उडणारे होते. त्यांना पाहून १५२ घेऊन ढगात शिरू नये.

तारा आणि मनोरे हा विषय सोलापूरकरांना नवा नाही. सिद्धेश्वर साखर कारखान्याची नव्वद मीटरच्या आसपासची चिमणी विमानांच्या वाटेत येते म्हणून १५ जून २०२३ ला पाडली गेली, त्यामागचा वाद सर्वांना माहीत आहे. चिमणी निदान दिसते. तार दिसत नाही. २६ एप्रिल २०१७ ला गोंदियाजवळ वैनगंगेवरच्या रोपवेच्या तारेत प्रशिक्षणाचं विमान अडकलं आणि दोघं गेले. तारा शोधायच्या नसतात, खांब शोधायचे असतात. ओलांडायचंच झालं तर खांबाच्या डोक्यावरून ओलांडायचं, कारण तिथं तार कुठं आहे ते नक्की कळतं. आणि शेतावर, मित्राच्या वस्तीवर खाली येऊन घिरट्या घालणं हा हट्टच सोडावा.

पेट्रोलचं थोडक्यात. विमान पेट्रोल निळसर असतं, जेट इंधन पिवळट किंवा पाण्यासारखं. पेट्रोलच्या इंजिनात जेट इंधन पडलं तर इंजिन सुरू होतं, विमान उडतं आणि चढताना इंजिन फुटतं. शंका आली तर पांढऱ्या कागदावर थेंब टाका. पेट्रोल उडून जातं, जेट इंधनाचा तेलकट डाग राहतो. टाकीच्या तळातून रोज सकाळी आणि प्रत्येक भरणीनंतर नमुना काढायचा. पाणी खाली बुडबुड्यासारखं वेगळं बसतं. सगळंच पाणी आलं तर वेगळा थर दिसत नाही, म्हणून रंग आणि वासही बघायचा. काट्यावर विसंबू नका, टाकीत पट्टी घाला.

देखभालीतल्या चुका बहुतेक क्षुल्लक दिसतात. उघड्यावर उभ्या विमानाच्या, वेग मोजणाऱ्या पिटो नळीत कुंभारीण दोन दिवसांत मातीचं घर करते, आणि धावताना वेगाचा काटा शून्यावर बसून राहतो. तेव्हाच, धावपट्टीवर असतानाच थांबायचं. काटा हललेला दिसला नाही तर उडायचं नाही. कंट्रोल लॉकची पिन काढायची राहिली तर योक हलतच नाही, आणि हे उड्डाणानंतर कळतं. जुन्या सेस्नात सीटची पिन रुळाच्या भोकात नीट बसली नसेल तर विमान उचलताना सीट सर्रकन मागे जाते. वैमानिक योक धरूनच मागे जातो आणि नाक उभं होतं. लोक मेलेत यात. बसल्यावर सीट मागेपुढे जोरात हिसडून पाहायला दोन सेकंद लागतात. दुरुस्ती झाल्यावर एलेरॉनच्या (विमान कलवणाऱ्या, पंखांवरच्या पट्ट्यांच्या) तारा उलट जोडल्याचेही दाखले आहेत. योक डावीकडे फिरवला की डाव्या पंखावरची पट्टी वर जायला हवी. नुसती "हलते" म्हणून पुढे जायचं नाही, कुठल्या दिशेनं हलते ते पाहायचं.

आता शेत कुठलं निवडायचं, हे कुठल्याही पुस्तकात सोलापूर जिल्ह्याच्या हिशेबानं लिहिलेलं नाही. डिसेंबर-जानेवारीत शाळू पुरुषभर उंच असतो.  ऊस त्याहून उंच आणि दाट. दोन्हींत उतरायची वेळ आलीच तर पिकाच्या शेंड्यालाच जमीन धरून, अगदी कमी वेगानं. द्राक्षबाग मात्र कधीही नाही. लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा नेमक्या डोक्याच्या उंचीवर कॉकपिटमध्ये घुसतात. डाळिंबाची बाग परवडते, झाडं बुटकी असतात, पंख तुटतात, वेग खातात आणि मधला सांगाडा बऱ्यापैकी शाबूत राहतो. हरभऱ्याचं शेत किंवा काढणी झालेलं रान सर्वांत चांगलं. नांगरट असेल तर तासाच्या दिशेनं उतरा, आडवं नाही, ढेकळांत चाक अडकून विमान उलथतं. पावसानंतरच्या काळ्या रानात चाकं रुततात, म्हणून योक शेवटपर्यंत पोटाशी ओढून नाक वर ठेवायचं. माळ वरून गुळगुळीत दिसतो, पण जलसंधारणाचे चर आणि दगडी बांध पाचशे फुटांच्या खाली आल्याशिवाय दिसत नाहीत. वाऱ्याची दिशा कुठं पाचट पेटलं असेल तर त्याच्या धुरावरून किंवा ट्रॅक्टरच्या धुळीवरून मिळते. पुण्याचा हायवे मोहक दिसतो. त्यावर ट्रक, दुभाजक, पूल आणि कडेनं तारा असतात. शेतच घ्या.

इंजिन गेल्यावरचा क्रम: आधी वेग, मग शेत, मग इंजिन पुन्हा सुरू करायचा प्रयत्न. फ्युएल सिलेक्टर (टाकी निवडणारा दांडा), मिक्स्चर (पेट्रोल-हवेचं प्रमाण), कार्ब हीट, मॅग्नेटो (ठिणगीचा स्विच), या क्रमानं हात फिरवायचा. कधीकधी बिघाड सिलेक्टरमध्येच सापडतो, म्हणजे एक टाकी रिकामी आणि दुसरी भरलेली. मग रेडिओवर १२१.५ या आणीबाणीच्या लहरीवर मेडे, म्हणजे मदतीची हाक, आणि ट्रान्सपॉन्डरवर (रडारला ओळख देणारं यंत्र) ७७०० हा आणीबाणीचा आकडा. उतरण्याआधी मिक्स्चर आणि पेट्रोल बंद, फ्लॅप्स लावून झाल्यावर मास्टर स्विच बंद, आणि दार उघडून त्यात बूट किंवा पुस्तक अडकवायचं. आदळल्यावर सांगाडा वाकतो आणि बंद दार उघडत नाही. आगीत सापडलेले बरेच जण आदळण्यातून वाचलेले असतात.

"तांत्रिक बिघाड" हे बातमीत पहिल्याच दिवशी येतं, कारण पहिल्या दिवशी कुणालाच काही माहीत नसतं. लहान विमानात ब्लॅक बॉक्स सहसा नसतो. विमान अपघातांचा तपास करणाऱ्या एएआयबीचे लोक धातू वाचतात. प्रोपेलरची पाती इंग्रजी एससारखी पिळवटलेली आणि आडव्या ओरखड्यांची असतील तर आदळताना इंजिन ताकद देत होतं. एक पातं नुसतं मागे वाकलेलं आणि दुसरं सरळ असेल तर देत नव्हतं. दोन्ही पंखांची टोकं, नाक आणि शेपूट एकाच जागी सापडली तर विमान हवेत तुटलेलं नाही. लहान खड्डा आणि उभा मारा म्हणजे बहुधा स्टॉल-स्पिन, लांबलचक घसरपट्टी म्हणजे बहुधा डोंगरात किंवा जमिनीत उडत शिरलेलं विमान. फ्लॅप्सच्या स्क्रूची लांबी मोजून फ्लॅप्स किती अंश खाली होते ते कळतं. बल्बची तार ताणली गेली असेल तर आदळताना तो पेटलेला होता. आसपासचं गवत दोन-तीन दिवसांत करपलं तर टाकीत पेट्रोल होतं. आंतरराष्ट्रीय नियमानुसार प्राथमिक अहवाल ३० दिवसांत अपेक्षित असतो, अंतिम अहवाल साधारण वर्षभरात. तोवर कारण सांगणारा माणूस अंदाज सांगत असतो, मग तो टीव्हीवर असो की पारावर.

पालकांनी वैमानिक प्रशिक्षणाच्या शाळेत जाऊन काय विचारावं? इमारत आणि विमानांची संख्या बघून काही कळत नाही. मेच्या दुपारी उड्डाण कोण थांबवतं आणि कुठल्या तापमानाला, एकट्यानं उडायला सोडण्याआधी इंजिन बंद धरून उतरण्याचा सराव किती झाला, उतरणं बिघडलं तर पुन्हा वर जाण्याचा सराव कितीदा, हे विचारा. विमानात नोंदवलेले बिघाड दाखवा म्हणा. वही कोरी असेल तर जास्त काळजी करा. उडणारं विमान बारीकसारीक कुरकुरतंच, कुरकुर लिहिलेली नसेल तर ती कुणीतरी गिळतंय. आणि मुलीला एवढं सांगून ठेवा की "आज उडत नाही" म्हटलं तर घरी कुणी रागावणार नाही. तास भरून काढायची घाई आणि फीचा हिशेब यापायी बरीच चुकीची उड्डाणं होतात.

शिवारात विमान पडलंच तर ११२ लावा. माणसं जिवंत असतील तर पेट्रोलच्या वासाकडे लक्ष ठेवून, विडी-काडी लांब ठेवून, पट्टे कापून बाहेर काढा. पट्टा कापण्याआधी माणसाला खालून आधार द्या. विमान उलटं असेल तर तो डोक्यावर पडतो. १६ जुलै २०२१ ला चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला विमान पडलं तेव्हा प्रशिक्षक गेले, पण जखमी प्रशिक्षणार्थीला गावकऱ्यांनीच लुगड्याची झोळी करून डोंगरातून बाहेर आणलं. काही विमानांच्या छतात पॅराशूट उडवणारं रॉकेट असतं, लाल दांडा किंवा इशाऱ्याचं चिन्ह दिसलं तर हात लावू नका. जळालेल्या फायबरच्या विमानाचे तंतू श्वासात घेऊ नका, तोंडाला ओला रुमाल बांधा. माणसं बाहेर आली की बाकी कशालाही, अगदी कॉकपिटमधल्या एका बटणालाही हात लावायचा नाही. सिलेक्टर कुठल्या टाकीवर होता हे त्या एका दांड्यावरूनच ठरतं. गर्दी व्हायच्या आत चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा आणि ते पोलिसांमार्फत तपास पथकाला द्या.